रंगाच्या आधीचे काम

१९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी एक खट्याळ पोरगा रेखाटला. कपाळावर झुलणारे केस, एका हातात रंगाचा डबा आणि दुसऱ्या हातात ब्रश. हा गट्टू पुढे कित्येक वर्षे दुकानांच्या पाट्यांवर आणि जाहिरातींत झळकत राहिला. त्याच्या हातात भिंत खरवडायचा पत्रा किंवा पॉलिश पेपर कधी दिसला नाही. तो दिसण्याचे कारणही नव्हते, कारण कंपनी रंग विकत होती. मात्र घर रंगवणे म्हणजे रंग लावणे, हा समज त्या काळापासून जो घट्ट बसला, तो आजही कायम आहे. गिऱ्हाईक शेड कार्ड घेऊन आठवडाभर चर्चा करते. भिंत किती ओली आहे, याची चौकशी मात्र कोणी करत नाही.

याचा परिणाम ओळखीचा आहे. नवा रंग एक पावसाळा टिकतो, दुसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या खाली फुगे येतात आणि तिसऱ्या वर्षी पोपडे धरून ओढले की तळहाताएवढी साल निघून येते. बाथरूमच्या टाइलवर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. बाल्कनीच्या ग्रिलवर चकचकीत काळ्या रंगाखालून तांबूस गंज वर येतो. दोष आधी रंगाला दिला जातो, नंतर रंगाऱ्याला. प्रत्यक्षात यातले बहुतेक बिघाड पहिला हात मारण्यापूर्वीच ठरून गेलेले असतात.

याचे कारण रंगाच्या जाडीत आहे. भिंतीवर इमल्शनचे दोन हात मारल्यावर वाळून उरणारा थर साधारण माणसाच्या केसाएवढा जाड असतो. एवढा पातळ पापुद्रा खालची भेग बुजवू शकत नाही, ओल अडवू शकत नाही आणि सुटी धूळ घट्ट धरू शकत नाही. तो फक्त खालच्या थराला चिकटू शकतो. खालचा थरच सुटत असेल, तर रंग कितीही महागडा असला तरी त्याच्याबरोबर सुटतो.

जुन्या कारागिरांना ही गोष्ट नीट माहीत होती. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात भिंतीच्या गिलाव्याचे वर्णन केले आहे. खडबडीत पहिल्या थरावर वाळू-चुन्याचे किमान तीन थर आणि त्यावर संगमरवराच्या भुकटीचे तीन थर, असा तो क्रम आहे. चित्रकाराचे काम या सगळ्यानंतर सुरू होते. आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रातही चित्राआधी भिंत कशी तयार करावी, याचे वेगळे विवेचन आहे.

महाराष्ट्राला तर याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत कातळाची भिंत मुद्दाम खडबडीत ठेवली गेली. त्यावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू घातलेला गिलावा चढला, त्यावर चुन्याचा पातळ हात आला आणि तो कोरडा झाल्यावर चित्रे रंगवली गेली. आज संवर्धनतज्ज्ञांची बरीचशी चिंता त्या रंगापेक्षा खालच्या गिलाव्याची असते. गिलावा कातळापासून सुटला की चित्र त्याच्याबरोबर जाते. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते, असे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी मिळून २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून पुढे आले. अजिंठ्याच्या गिलाव्याला किडीचा जो उपद्रव झाला, तो वेरूळला तितका दिसत नाही आणि त्याचे श्रेय या अभ्यासाने त्या तंतूंना दिले. चित्राचे आयुष्य असे चित्राखालच्या चिखलावर अवलंबून राहिले.

किल्ल्यांवर दिसणाऱ्या चुन्याच्या घाण्या हा याच शिस्तीचा पुरावा आहे. कळीचा चुना भिजवून, मुरवून, वाळूबरोबर घाणीत मळून मगच वापरायचा. घाई केली तर चुन्यातले न विरलेले कण भिंतीत गेल्यावर ओलावा ओढून फुगतात आणि गिलाव्यावर खळगे पडतात. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत सिमेंट प्लास्टरवर निरूचा, म्हणजे मुरवलेल्या चुन्याचा, गुळगुळीत हात देत. त्या भिंतींवर आजही कुठे कुठे बारीक फोड दिसतात. त्यांचे मूळ बहुधा कच्च्या राहिलेल्या चुन्यात असते.

सिमेंट आल्यावर वेग वाढला आणि मुरवण्याचा धीर संपला. मात्र सिमेंटची स्वतःचीही वेळेची मागणी असते. नव्या प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारावे लागते. नाही तर ते वरून कडक दिसते आणि आतून भुसभुशीत राहते. त्यानंतर ते वाळायला हवे. रंग कंपन्यांची माहितीपत्रके साधारण २८ दिवसांची मर्यादा सांगतात. पावसाळ्यात किंवा बंद खोलीत त्याहून जास्त वेळ लागतो. हा वेळ फक्त पाणी उडून जाण्यासाठी नसतो. ताज्या सिमेंट प्लास्टरचा सामू १२ ते १३च्या आसपास असतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून हळूहळू ते सौम्य करतो. तेवढा वेळ न देता त्यावर ऑइल पेंट मारला, तर अल्कली आणि रंगातले तेल यांची अभिक्रिया होऊन चक्क साबण तयार होतो. रंग चिकट राहतो, डागाळतो आणि बोटाने पुसला जातो. रंगारी याला ‘रंग जळला’ म्हणतात. अल्कलीला दाद न देणारा प्रायमर, अर्थात अस्तर, यासाठीच असतो. तो मारला म्हणून ओली भिंत कोरडी होत नाही, एवढे लक्षात ठेवायला हवे.

पाणी बाहेर येताना रिकाम्या हाताने येत नाही. विटा, वाळू आणि सिमेंट यांतले क्षार ते सोबत आणते, पृष्ठभागावर उडून जाते आणि क्षार तिथेच पांढऱ्या पिठासारखे उरतात. हाच लोणा. लोणा लागला की घरोघरी पहिला उपाय होतो तो ओल्या फडक्याने पुसण्याचा आणि इथेच चूक होते. क्षार पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात आणि भिंत वाळली की परत बाहेर येतात. आधी कोरड्या ब्रशने झाडून काढणे, पाणी कुठून येते ते शोधून थांबवणे आणि भिंत वाळू देणे, हा योग्य क्रम आहे. लोण्यावर पुट्टी ओढली, तर क्षार पुट्टीच्या मागे साचतात आणि पुट्टीचा सगळा थर ढकलून देतात.

भिंतीच्या सगळ्या रोगांचा राजा म्हणजे ओल, आणि महाराष्ट्राच्या पश्चिम भागात तिला तोटा नाही. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दक्षिण कोकणात त्याहून जास्त. ओल येण्याच्या वाटा अनेक असतात. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा होतो, खिडकीच्या चौकटीभोवती फट राहिलेली असते, गच्चीचा कोबा तडकलेला असतो, वरच्या मजल्यावरच्या मोरीतून पाणी झिरपत असते किंवा जोत्यात ओलरोधक थर नसल्याने जमिनीतले पाणी भिंतीतून वर चढत असते. प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा आहे. आतल्या बाजूने ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला रंग मारणे हा यातल्या एकाही वाटेवरचा उपाय नाही. पाणी बाहेरून येत असेल, तर ते बाहेरूनच अडवावे लागते.

फ्लॅटमध्ये हा प्रश्न शेजारधर्माचाही होतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती दुरुस्त करण्याचा खर्च संस्थेने करायचा असतो. सदस्याच्या घराच्या आतल्या दुरुस्त्या त्या सदस्याच्या माथी येतात. वरच्या आणि खालच्या घरांत पत्रव्यवहार सुरू होतो, समितीची बैठक लांबते आणि दरम्यान खालचा माणूस कंटाळून छत रंगवून घेतो. दुरुस्तीआधी केलेला तो रंग पुढच्या पावसात जातो आणि खर्च पुन्हा होतो.

ओल आहे की नाही, याचा अंदाज घ्यायला मोठी यंत्रणा लागत नाही. साधारण दीड फूट बाय दीड फूट आकाराचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर हवाबंद चिकटवायचा आणि एक रात्र तसाच ठेवायचा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरले असेल, तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला धरले असेल, तर दोष खोलीतल्या दमट हवेचा आहे. मोठ्या कामावर ओलावा मोजणारे मीटर वापरतात. घरच्या कामाला हा प्लास्टिकचा तुकडा पुरतो.

सणांचे वेळापत्रक मात्र या सगळ्याच्या उलट चालते. कोकणात गणपती येण्याआधी घर रंगवायचे, घाटावर दसरा-दिवाळीआधी. भाद्रपदात कोकणातली भिंत पावसाने चिंब असते. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंग लावू नये, असे बहुतेक उत्पादनांची माहितीपत्रके सांगतात आणि कोकणातल्या पावसाळ्यात अशी हवा रोजचीच. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराचे पाणी चिपळुणात शिरले. त्या वर्षीची गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती, म्हणजे मध्ये अवघे पन्नास दिवस. विटांची भिंत वाळायला जाडीच्या दर इंचामागे साधारण एक महिना, असा जुना ठोकताळा आहे आणि तोही हवा खेळती व कोरडी असेल तर. त्या हिशेबाने नऊ इंची भिंत पन्नास दिवसांत निम्मीही वाळत नाही. अशा वेळी सणापुरता चुन्याचा हात देणे शहाणपणाचे ठरते. चुना सच्छिद्र असतो आणि भिंतीतली वाफ अडवत नाही. भिजून फुगलेला गिलावा पाडून, चिखल धुऊन, भिंत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मोकळी ठेवता आली, तर पक्क्या रंगाचा खर्च वाया जात नाही.

जुन्या भिंतीची तपासणी वेगळ्या प्रकारची असते. तिच्यावर आधीच्या दहा दिवाळ्यांचे थर असतात. सर्वांत खाली नीळ घातलेला चुना, त्यावर डिस्टेंपर, त्यावर कधीतरी ऑइल पेंट आणि शेवटी इमल्शन. नवा रंग वाळताना किंचित आकसतो आणि खालच्या थराला ओढतो. खाली भुरभुरीत चुना असेल, तर तो ओढ सहन करत नाही. म्हणून हात फिरवून पाहायचे. हाताला पांढरी भुकटी लागली, तर तो थर काढल्याशिवाय गत्यंतर नाही. काळे फडके घासून पाहिले तर ही भुकटी लगेच दिसते. दुसरी चाचणी चिकटपट्टीची. धारदार पात्याने रंगावर उभ्या-आडव्या बारीक रेघा मारायच्या, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीबरोबर रंगाचे चौकोन सुटून आले, तर त्या भिंतीवर नवा रंग मारणे व्यर्थ आहे. ऑइल पेंट घट्ट असेल, तर तो काढायची गरज नाही, पण त्याची चकाकी पॉलिश पेपरने मोडावी लागते. गुळगुळीत चकचकीत थरावर नव्या रंगाला पकडच मिळत नाही. स्वयंपाकघरात तर त्याआधी साबणाच्या पाण्याने फोडणीचा तेलकट थर धुवावा लागतो.

भेगांच्या बाबतीत घाई महागात पडते. प्लास्टर आकसल्याने पडलेली केसासारखी बारीक भेग आणि इमारत हलल्याची खूण असलेली भेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जिथे मिळतात, तिथली सरळ उभी भेग नेहमीची. दोन पदार्थ उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, म्हणून तिथे प्लास्टरआधीच चिकन मेश, म्हणजे कोंबडजाळी, ठोकायची असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून रुंदावत जाणारी भेग मात्र अभियंत्याला दाखवावी. ती वाढते आहे की थांबली, हे कळण्यासाठी तिच्यावर काचेची पातळ पट्टी पक्की चिकटवण्याची जुनी रीत आहे. भिंत हलली तर काच तडकते. थांबलेली भेग इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात रुंद करून, धूळ झाडून, लवचिक भराव घालून बुजवायची असते. बहुतेक ठिकाणी होते ते इतकेच: भेगेवरून पत्र्याने पुट्टी ओढली जाते.

पुट्टी ही गेल्या काही दशकांत घराघरांत पोहोचलेली सोय आहे. पूर्वी लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि अळशीचे तेल यांचा मऊ लगदा आणि तो मुख्यतः लाकडासाठी असे. आता पांढऱ्या सिमेंटची तयार पुट्टी गोणीत मिळते. तिचे काम बारीक खडबड भरून भिंत गुळगुळीत करणे, एवढेच आहे. दोन हात मिळून तिची जाडी साधारण दीड मिलिमीटरपर्यंत असावी. प्लास्टरचा ओळंबा चुकला म्हणून पाच-सहा मिलिमीटर पुट्टी चढवून भिंत सरळ केली जाते, तेव्हा ती तडकते किंवा ढलपे सोडते. पीओपी आणि जिप्समची गोष्ट याहून नाजूक आहे. जिप्सम काही मिनिटांत घट्ट होते, त्याला पाणी मारावे लागत नाही, म्हणून बिल्डरांना ते आवडते. पण ते पाण्यात थोडे थोडे विरघळते. बाहेरच्या भिंतीवर, मोरीत किंवा ओल येणाऱ्या भागात त्याचा वापर करणे ही उघड चूक आहे.

याहून गंभीर चूक स्लॅबच्या बाबतीत होते. छताचा तुकडा पडतो, गंजलेली सळई दिसते आणि तिच्यावर सिमेंट थापून, पुट्टी-रंग मारून छत पूर्ववत केले जाते. गंजलेले लोखंड मूळच्या दुपटीहून जास्त जागा घेते आणि तो दाब काँक्रीट फोडून बाहेर काढतो. सळई उघडी करून, घासून, गंजरोधक लेप देऊन, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरल्याशिवाय ती फूट थांबत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. रंगाखाली झाकलेल्या सळया या तपासणीत अडथळा आणतात. अशा इमारतीत रंगाचा ठेका तपासणीच्या अहवालानंतरच द्यावा.

खरवडण्याच्या कामात रंगाऱ्याच्या आणि घरातल्या मुलांच्या आरोग्याचाही प्रश्न असतो. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६मध्ये निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७पासून अमलात आले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः जुन्या दारे-खिडक्यांवरच्या पिवळ्या, लाल आणि हिरव्या थरांत, शिसे असण्याची शक्यता बरीच असते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही. असे थर कोरडे घासू नयेत आणि ब्लो लॅम्पने जाळू तर मुळीच नयेत. पाणी लावून घासणे, खाली प्लास्टिक अंथरणे, काम संपल्यावर झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे आणि मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवणे, एवढी काळजी पुष्कळ धोका टाळते. काँक्रीट आणि प्लास्टर मशीनने घासताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकरूप सिलिकाची धूळ १९९७मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणली. तोंडाला गमछा बांधून सँडर चालवणारा कामगार प्रत्येक इमारतीत दिसतो. त्याला चांगला मास्क देणे हा ठेक्याचा भाग असायला हवा.

टाइलचे शास्त्र रंगापेक्षा वेगळे असले, तरी फसण्याची जागा तीच. जुन्या सिरॅमिक टाइल पाणी शोषत, म्हणून त्या भिजवून सिमेंटच्या मसाल्यात बसवता येत. व्हिट्रिफाइड टाइलची पाणी शोषण्याची क्षमता अर्ध्या टक्क्याहून कमी असते. सिमेंटची पेस्ट तिच्या पाठीत शिरू शकत नाही, नुसती टेकून राहते. त्यातच टाइलच्या मागे मसाल्याचे चार-पाच गोळे ठेवून ती दाबण्याची पद्धत आहे. मधली जागा पोकळ राहते आणि जड वस्तू पडली की टाइल नेमकी तिथे फुटते. टाइल चिकटवण्याच्या पदार्थांसाठी ‘आयएस १५४७७’ हे भारतीय मानक आहे. मात्र चांगला चिकटवणारा पदार्थही धुळीला चिकटेल, भिंतीला नाही. टाइलच्या पाठीवर भट्टीतली पांढरी भुकटी असते, ती ओल्या फडक्याने पुसावी लागते. भिंतीवरचा जुना रंग काढावा लागतो. दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून तिच्याखाली तीन मिलिमीटरहून जास्त फट दिसली, तर आधी भिंत सपाट करून घ्यावी लागते. मोरीत तर टाइलआधी विटांच्या तुकड्यांचा कोबा, भिंत आणि जमिनीच्या सांध्यात वाटा, म्हणजे मसाल्याची गोलाकार कड, आणि किमान ४८ तास पाणी साठवून गळती तपासणे, हे टप्पे येतात. हे पाणी साठवणे ‘दोन दिवस वाया जातात’ म्हणून टाळले जाते. पुढे टाइल फोडून ते काम करण्याचा खर्च कितीतरी पट येतो.

लाकडाबद्दल थोडक्यात सांगता येईल. रेषांच्या दिशेने, जाड कागदापासून बारीक कागदाकडे, म्हणजे ८०, १२०, १८०, २२० अशा क्रमाने घासायचे आणि मधला टप्पा गाळायचा नाही. नाही तर पॉलिशच्या खाली ओरखडे ठळक दिसतात. साग तेलकट असतो, म्हणून मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश लावण्याआधी तो थिनरने पुसून घेतात. लाख आणि स्पिरिटचे जुने फ्रेंच पॉलिश दमट दिवशी केले, तर त्यात पांढुरकी झाक येते. दरवाजाच्या वरच्या आणि खालच्या कडा सुतार आणि रंगारी दोघेही विसरतात. तिथूनच पावसाळ्यात दमट हवा लाकडात शिरते, दार फुगते आणि मग रंधा मारून नवी कडा उघडी टाकली जाते.

लोखंडाच्या बाबतीत भारतीय मानकच पुरेसे बोलके आहे. इमारतींतल्या लोखंडी कामाच्या रंगकामासाठीचे ‘आयएस १४७७’ हे मानक दोन भागांत आहे आणि त्यातला पहिला भाग फक्त पूर्वतयारीचा आहे. समुद्रकाठच्या गावांत ग्रिल घासण्याआधी गोड्या पाण्याने धुवायला हवी, कारण मीठ रंगाखाली अडकले की ओलावा ओढत राहते. नव्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारला, तर जस्ताशी अभिक्रिया होऊन तो काही महिन्यांत सुटतो. तिथे वेगळे अस्तर लागते. पूर्वतयारीने किती फरक पडतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे स्कॉटलंडमधला फोर्थ रेल्वेपूल. १८९०मध्ये खुला झालेल्या या पुलाचे रंगकाम कधीच संपत नाही, अशी म्हणच इंग्रजीत पडली होती. शेवटी २००२ ते २०११ या काळात सगळे जुने थर उडवून लोखंड उघडे केले गेले आणि मग तीन थरांचा नवा लेप चढला. तो किमान २५ वर्षे टिकेल असा अंदाज आहे आणि कायमची रंगारी फौज ठेवण्याची गरज संपली.

याचा अर्थ प्रत्येक भिंत हाडापर्यंत खरवडलीच पाहिजे, असा नाही. घट्ट बसलेला, न फुगलेला जुना थर उगाच काढला, तर प्लास्टर दुखावते आणि खर्च वाढतो. कोकण आणि गोव्यातल्या जांभ्याच्या घरांवर सिमेंट प्लास्टर, पुट्टी आणि दाट ॲक्रिलिक रंग यांचे आवरण चढवणे तर उलट नुकसानकारक ठरू शकते. जांभा सच्छिद्र असतो, पाणी घेतो आणि सोडतो. बाहेरची वाट बंद केली की ते पाणी घरात येते. तिथे चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच हात हा जुना उपाय शास्त्रालाही धरून आहे. वाड्यांच्या मातीच्या भिंतींचेही तसेच. पूर्वतयारी याचा अर्थ समोरची भिंत कशाची आहे, हे ओळखून तिला लागेल तेवढेच करणे.

मग हे सगळे माहीत असूनही होत का नाही? मुख्य कारण दर ठरवण्याच्या पद्धतीत आहे. रंगकामाचा भाव चौरस फुटावर ठरतो. मालकाला तीन ठेकेदारांचे तीन आकडे दिसतात आणि तो सर्वांत लहान आकडा निवडतो. खरवडणे, धुणे, वाळू देणे यांना त्या आकड्यात जागा नसते, म्हणून ती कामे आधी कापली जातात. ज्या रंगाऱ्याने प्रामाणिकपणे चार दिवस खरवडण्याचे मागितले, त्याचे काम जाते. कंपन्यांच्या हमीपत्रांतही पृष्ठभाग नियमाप्रमाणे तयार केला असेल तरच, अशी अट असते. म्हणजे भिंतीचा दोष निघाला की हमी गळून पडते. चूक एका माणसाची नाही. न दिसणाऱ्या कामाला पैसे न देण्याची सवय मालकाला, ठेकेदाराला आणि विक्रेत्याला, तिघांनाही लागली आहे.

तेव्हा या वर्षी घर रंगवायला काढणाऱ्यांनी अंदाजपत्रक एका आकड्यात स्वीकारू नये. खरवडणे, भेगा भरणे, ओलीची दुरुस्ती, अस्तर, पुट्टी आणि रंगाचे हात यांचे दर वेगवेगळे लिहून मागावेत आणि दोन टप्प्यांमध्ये वाळण्याचे दिवस ठेक्यात नमूद करावेत. गळती कुठून होते ते जुलै-ऑगस्टमध्ये, प्रत्यक्ष पाऊस पडत असताना पाहून टिपून ठेवावे, दुरुस्ती पाऊस उघडल्यावर करावी आणि रंगकाम डिसेंबर ते मार्चमध्ये काढावे. दिवाळीला भिंत रंगवलेली नसली तरी चालेल, स्वच्छ झाडलेली आणि कोरडी होऊ लागलेली असली तरी पुरे. पैसे कमी पडत असतील, तर रंगाची प्रत एका पायरीने खाली आणावी, पूर्वतयारीतला एकही दिवस कमी करू नये.